नागपुरातली पाणीकपात आणि पाण्याची बचत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलै उजाडला, पाऊसही सुरू झाला. मग कपात आताच का?

नागपूरची खरी टंचाई मे महिन्यात कमी आणि जुलैमध्ये जास्त जाणवते. शहराचं बहुतेक पाणी पेंच नदीवरच्या तोतलाडोह धरणातून येतं. ते खालच्या नवेगाव खैरी धरणात उतरतं आणि तिथून शहराच्या शुद्धीकरण केंद्रांकडे जातं. दुसरा आधार कन्हान नदीचा. तोतलाडोहचं पाणलोट क्षेत्र मुख्यतः मध्य प्रदेशात आहे, त्यामुळे शहरात सीताबर्डीवर धो धो पाऊस पडला म्हणून धरण भरत नाही. छिंदवाडा जिल्ह्यात दमदार पाऊस व्हावा लागतो. तिथे वरच्या अंगाला चौराई धरण झाल्यापासून आधी ते भरतं आणि मग पाणी खाली येतं.

२०१९ साली नेमकं हेच झालं. तोतलाडोहचा उपयुक्त साठा संपून मृत साठ्यावर, म्हणजे एरवी धरणातून बाहेर न काढता येणाऱ्या तळाच्या पाण्यावर वेळ आली आणि जुलैच्या मध्यापासून शहरात एक दिवसाआड पाणी सुरू झालं. पुढे सप्टेंबरपर्यंत धरण भरलंही. पण तो पाऊस येणार की नाही, हे जुलैमध्ये कुणालाच माहीत नसतं. कपातीचा निर्णय हातात उरलेल्या साठ्यावर घ्यावा लागतो.

धरण एवढं मोठं आहे, शहराला पुरत कसं नाही?

तोतलाडोहचा उपयुक्त साठा सुमारे १,०१७ दशलक्ष घनमीटर आहे. शहराला रोज ६५० दशलक्ष लिटर लागतात असं धरलं, तर महिन्याला साधारण २० दशलक्ष घनमीटर होतात. भरलेल्या धरणापुढे हा आकडा लहान वाटतो. पण त्याच पाण्यावर पारशिवनी, रामटेक, मौदा भागातली धानशेती आहे, वीज केंद्रं आहेत आणि उन्हाळाभर बाष्पीभवन चालू असतं ते वेगळंच. धरण अपुरं भरलं की पिण्याच्या पाण्याला पहिला क्रम मिळतो आणि सिंचनाची पाळी आधी कापली जाते. शहरात नळ सुरू असतो, त्या वेळी कालव्याखालचा शेतकरी केव्हाच कोरडा पडलेला असतो. नागपूरकरांनी हे लक्षात ठेवलंच पाहिजे.

कपात ठरवतं कोण?

१५ ऑक्टोबरच्या साठ्यावरून जलसंपदा विभाग वर्षाचं नियोजन करतो आणि पिण्यासाठीचं आरक्षण ठरतं. सिंचनाच्या पाळ्या पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील कालवा सल्लागार समितीत ठरतात. शहरात पाणी कुठल्या दिवशी आणि किती वेळ द्यायचं, हे महानगरपालिका ठरवते. वितरणाचं रोजचं काम २०१२ पासून ऑरेंज सिटी वॉटर म्हणजे ओसीडब्ल्यूकडे आहे. म्हणून वेळापत्रकासाठी मनपाचं आणि ओसीडब्ल्यूचं निवेदन पाहा. व्हॉट्सॲपवर फिरणारं वेळापत्रक बहुधा जुनं किंवा दुसऱ्याच जलकुंभाचं (वस्तीला पाणी पुरवणाऱ्या उंच टाकीचं) असतं.

शेजारच्या ले-आऊटमध्ये पाणी आलं, आमच्याकडे नाही. असं का?

पाणी झोनप्रमाणे सुटत नाही, जलकुंभाप्रमाणे सुटतं. रस्त्याच्या दोन बाजू दोन वेगळ्या जलकुंभांवर असू शकतात. पाणी सोडल्यावर आधी रिकाम्या वाहिन्या भरतात, मग जवळच्या आणि सखल भागातले नळ वाहू लागतात. उंचावरच्या आणि टोकाच्या घरांचा नंबर शेवटी लागतो. जलकुंभाजवळच्या घरांनी आपल्या टाक्या भरल्यावर नळ वेळेत बंद केले, तर टोकाला दाब पोहोचतो. केले नाहीत, तर तिकडे फक्त हवा येते. आपलं कोणतं जलकुंभ, हे एकदा विचारून लिहून ठेवा. तक्रार करताना आधी तेच विचारतात.

एक दिवसाआड पाणी दिलं की वापर निम्मा होतो का?

नाही, आणि यामागचं मोठं कारण आपल्याच घरात आहे. पाणी येणार नाही म्हणून आदल्या दिवशी घरातली पिंपं, बादल्या, घागरी, पातेली सगळं भरून ठेवतो. पुढच्या पाळीला नळ आला की उरलेलं ‘शिळं’ पाणी मोरीत ओतून ताजं भरतो. एका घराने ५० लिटर ओतले आणि एक लाख घरांनी असंच केलं, तर एका पाळीत ५० लाख लिटर पाणी नालीत जातं. वर उघडे राहिलेले नळ वेगळेच: पाणी नसताना कुणी तोटी फिरवून पाहिली, ती उघडीच राहिली आणि पहाटे पाणी आलं तेव्हा घरचे झोपेत होते.

कपातीच्या काळात एकच सवय मोडायची असेल, तर ही शिळं पाणी ओतण्याची मोडा. बाकी सगळे उपाय हिच्यानंतर.

पण दोन दिवसांचं पाणी पिण्याजोगं राहतं का?

स्वच्छ घासलेल्या, झाकलेल्या आणि तोटी किंवा लांब दांड्याचं ओगराळं असलेल्या भांड्यात राहतं. पाण्यातलं क्लोरीन हळूहळू उडतं, पण तेवढ्याने पाणी नासत नाही. नासतं ते हात बुडवल्याने, झाकण उघडं राहिल्याने आणि भांड्याच्या तळाशी गाळ साचल्याने. शंका असेल तर उकळा. नवीन पाणी आलं की ते पिण्यासाठी घ्या आणि जुनं धुणं, भांडी, फरशी, फ्लश यांना वापरा. धुण्याची पिंपं आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून कडा घासायच्या. डेंगीच्या डासाची अंडी भिंतीला चिकटून राहतात आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. फक्त पाणी बदललं तर अंडी तशीच उरतात. हे घासायचं काम पिंप वापरून तळाला गेल्यावरच करा, भरलेलं पिंप ओतून नाही.

किती साठवावं?

सांडपाणी वाहिन्या असलेल्या शहरासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर हा प्रमाणित आकडा आहे. कपातीत नीट वापरलं तर ८० ते १०० लिटरमध्ये भागतं. चार माणसांच्या घराला दोन दिवसांसाठी ८०० लिटर, म्हणजे १,००० लिटरची एक टाकी पुरे. पिण्या-स्वयंपाकाचे माणशी १० लिटर वेगळे झाकून ठेवा. याहून जास्त साठवणं म्हणजे टोकाच्या घराचं पाणी अडवणं.

नळ आल्यावर पहिली काही मिनिटं गढूळ पाणी येतं. सोडून द्यायचं?

सोडू नका, बादलीत धरा. वाहिनी रिकामी होऊन पुन्हा भरते तेव्हा तळाचा गाळ आणि गंज सुटून येतो. हे पाणी फ्लशला आणि झाडांना चालतं. पण पाण्याला नालीचा वास येत असेल, किंवा १५-२० मिनिटांनंतरही ते काळपट असेल, तर प्रकरण वेगळं आहे. ते अजिबात पिऊ नका आणि लगेच तक्रार नोंदवा. अशा वेळी बहुधा जवळपास वाहिनी फुटलेली असते.

टुल्लू पंप लावला तर बिघडलं काय? बिल तर आम्हीच भरतो.

नळाच्या जोडणीला थेट लावलेला पंप वाहिनीतलं पाणी ओढतो आणि तिथला दाब शून्याच्याही खाली जाऊ शकतो. मग जुन्या सांध्यातून आणि फटीतून बाहेरचं पाणी आत शोषलं जातं. नागपुरात जुन्या वस्त्यांमध्ये नळाच्या जोडण्या नालीच्या कडेने किंवा नालीतूनच गेलेल्या आहेत. म्हणजे शोषलं जातं ते नालीचं पाणी. ते पहिल्यांदा तुमच्या टाकीत येतं, नंतर गल्लीत. पंप लावणाऱ्याचं घर भरतं आणि पुढच्या पाच घरांना थेंब मिळत नाही, हा अन्याय तर आहेच.

पंप सापडला तर जप्त होतो, नळजोडणीही तोडली जाऊ शकते. रीतसर मार्ग असा: जमिनीलगत किंवा जमिनीखाली टाकं करायचं, त्यात पाणी आपल्या दाबाने पडू द्यायचं आणि त्या टाक्यातून गच्चीवर पंपाने चढवायचं. दाब कमी असताना पाणी वरच्या मजल्यावर चढणार नाही, पण २-३ फूट खालच्या टाक्यात येईल. टाक्याचं तोंड आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किमान अर्धा फूट वर ठेवा, नाहीतर पहिल्याच पावसात अंगणातलं पाणी आत जाईल.

कपातीत कशावर बंदी असते?

नेमकी यादी त्या त्या वर्षीच्या आदेशात असते. साधारणपणे पिण्याच्या पाण्याने गाड्या, अंगण आणि रस्ता धुणं, पाइपने बागेला पाणी देणं, बांधकाम, टाकी ओसंडू देणं आणि नळाला थेट पंप लावणं हे निर्बंधांच्या कक्षेत येतं. दंडाची रक्कमही आदेशातच पाहा, जुन्या बातम्यांमधले आकडे धरू नका. शिवाय केंद्रीय भूजल प्राधिकरणाने ८ ऑक्टोबर २०२० च्या आदेशाने भूगर्भातल्या पिण्याजोग्या पाण्याच्या नासाडीला मनाई केली आहे आणि स्थानिक संस्थांना त्यासाठी यंत्रणा उभारायला सांगितलं आहे. ‘बोअर माझी, पाणी माझं’ हे त्यामुळे चालत नाही.

गाडीचा हिशोब तेवढा सांगतो. पाइपमधून मिनिटाला १५ ते २० लिटर पाणी जातं. दहा मिनिटांत १५० ते २०० लिटर. त्याच गाडीला दोन बादल्या आणि ओलं फडकं, म्हणजे ३० ते ४० लिटर पुरतात.

कूलर बंद करायचा का?

४५ अंशांत कूलर बंद करा असं सांगणं निर्दयपणाचं आहे. वयस्कर माणसं आणि लहान मुलं असलेल्या घरात तर नाहीच. पण कूलर किती पाणी घेतो ते माहीत हवं. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत खोलीचा लहान कूलर तासाला साधारण १० लिटर आणि मोठा डेझर्ट कूलर २०-२५ लिटर पाणी हवेत सोडतो. मोठा कूलर दहा तास चालला तर २०० ते २५० लिटर. हे वाया गेलेलं पाणी नव्हे, त्याच्याच बाष्पीभवनाने गारवा येतो. वाया जातं ते पुढच्या पाच ठिकाणी:

- पाइप थेट टाकीला जोडलेला आणि फ्लोट, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता गोळा, बिघडलेला. कूलरच्या टाकीतली पातळी काठाच्या दोन बोटं खाली राहील असा फ्लोटचा दांडा वाकवा. तरीही थेंब पडत असतील तर फ्लोटच्या तोंडाचं रबर बदला, काही रुपयांचं काम आहे. फ्लोट नसेल तर पाइप उघडा ठेवून बाजूला जाऊ नका.
- ताट्यांमधून, म्हणजे कूलरच्या बाजूंच्या ओल्या जाळ्यांमधून बाहेर ठिबकणारं पाणी. ताटी चौकटीत नीट बसलेली नसते किंवा वरच्या पन्हळीतली भोकं क्षारांनी बुजून पाणी एकाच जागी पडतं. भोकं खिळ्याने मोकळी करा आणि कूलर थोडा आतल्या बाजूला कलता ठेवा.
- बंद खिडक्या. आलेली हवा बाहेर जायला वाट नसेल तर खोलीत दमट कोंडते, पाणी जातं आणि गारवा येत नाही. समोरची खिडकी चार बोटं उघडी हवी.
- पहाटे ३-४ नंतरही चालू असलेला पंप. हवा निवलेली असते, नुसता पंखा पुरतो. पंपाला टायमर लावला की उठायची गरज नाही. दिवसाही पंप १० मिनिटं चालू, ५ मिनिटं बंद ठेवून पाहा. ताट्या ओल्या राहिल्या तर बिघडत काही नाही.
- पावसाळी दमट हवेतला कूलर. मृगानंतर हवेत ओल आली की कूलर गार करत नाही. तेव्हा नुसता पंखा लावा.

टाकी आठवड्याला रिकामी करता ते पाणी क्षारयुक्त असतं. फरशी आणि फ्लशला वापरा, कुंड्यांना नको. नवतपा, म्हणजे मे अखेरचे तापलेले नऊ दिवस सुरू होण्याआधी एकदा हे सगळं तपासून घेतलं की पुढचे दिवस निभावतात.

घरात गळती आहे हे कसं कळेल?

मीटरवरून. काळे आकडे युनिट दाखवतात आणि १ युनिट म्हणजे १,००० लिटर. लाल आकडे त्याखालचे लिटर दाखवतात. नळाला पाणी असताना घरातले सगळे नळ बंद करा, टाकीचा फ्लोट वर उचलून बांधा आणि मीटरवरची लहान चकती पाहा. ती फिरत असेल तर मीटरनंतर कुठेतरी गळती आहे. २४ तास पाणी असलेल्या भागात रात्री झोपताना आणि पहाटे लाल आकडे टिपून ठेवणं अधिक खात्रीचं.

ठिबकणाऱ्या नळाखाली पेला ठेवा. २५० मिलिलिटरचा पेला १५ मिनिटांत भरला तर दिवसाला २४ लिटर, महिन्याला ७०० लिटरांहून जास्त. बिल युनिटच्या टप्प्यांप्रमाणे चढतं आणि पाण्याचे दर दर वर्षी ५ टक्के वाढवण्याची उपविधीत तरतूद आहे, म्हणून ही गळती खिशालाही लागते.

कपातीत एक वेगळी अडचण येते. पाण्याआधी वाहिनीतली हवा येते आणि मीटर फिरवते. बिल अचानक वाढलं तर पाणी यायच्या आधी आणि सुटल्यावर रीडिंगचे फोटो काढून तक्रारीला जोडा.

फ्लशचं पाणी कमी कसं करावं?

जुन्या टाक्या एका वेळी १० लिटर किंवा त्याहून जास्त पाणी सोडतात. आत रेती भरलेली एक लिटरची झाकणबंद बाटली ठेवा. वीट ठेवू नका, ती झिजून रबराखाली कण अडकतात आणि टाकी कायमची गळू लागते. गळती पाहायला टाकीत हळद कालवा आणि २० मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात पिवळं पाणी उतरलं तर तळाचं रबर बदला.

आरओ बंद ठेवावा का?

मनपाचं शुद्ध पाणी प्यायचं असेल तर बहुतेक घरांना आरओची गरज नाही. पेंचचं पाणी नदीचं आहे, त्यात क्षार कमी असतात. भारतीय मानकानुसार एकूण विद्राव्य क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. एकदा हे क्षार, म्हणजे टीडीएस, मोजून पाहा. त्याहून कमी असेल तर साधं गाळण आणि यूव्ही पुरेसं आहे. घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना साधारण दोन ते तीन लिटर टाकून देतो. बोअरचं जड पाणी असेल तर आरओ ठेवा, पण त्याची नळी मोरीत सोडू नका, बादलीत सोडा.

अंगणात सडा टाकायचा की नाही? आणि झाडं?

सडा भाज्या-तांदूळ धुतलेल्या पाण्याचा, एका तांब्याचा टाका. रीत सांभाळली जाते. पाइपने अंगण भिजवणं म्हणजे सडा नव्हे. झाडांना सूर्य उगवण्याआधी बुंध्याशी पाणी द्या आणि वर पालापाचोळ्याचा चार बोटं थर घाला. मोठ्या संत्री-लिंबाच्या झाडाशी तळाला भोक पाडून वात घातलेला मातीचा माठ पुरला की पाणी सावकाश झिरपत राहतं. हिरवळ वाळू द्या. पहिल्या पावसात ती पुन्हा फुटते.

आमची फ्लॅट स्कीम आहे. बिल सगळ्यांत वाटलं जातं, कोण जपून वापरणार?

म्हणूनच प्रत्येक फ्लॅटला वेगळं मीटर बसवा. जुन्या इमारतीत एका फ्लॅटला दोन-तीन उभ्या वाहिन्यांतून पाणी येतं, त्यामुळे मीटरही तेवढीच लागतात. तोवर दोन कामं लगेच होतात. गच्चीवरच्या टाकीत फ्लोट स्विच लावून पंप आपोआप बंद होईल असं करा, कारण चौकीदाराच्या आठवणीवर सोडलेली टाकी ओसंडतेच. आणि खालच्या मजल्यांच्या वाहिनीवरचा व्हॉल्व्ह अर्धा बंद करा. तिथे दाब सगळ्यात जास्त असतो, तोटी थोडी उघडली तरी बादली भरून वाहते. वर्षाची टाकीसफाई कपातीत करू नका, आधी उरका.

पावसाचं पाणी जिरवायला सांगतात. नागपूरच्या जमिनीत जिरतं का?

जिरतं, पण सगळीकडे सारखं नाही. शहराच्या पश्चिमेला बेसॉल्ट आहे, पूर्वेकडे जुना कठीण खडक. आणि वर अनेक ठिकाणी काळी माती. ती भिजली की फुगते आणि पाण्याला वाट देत नाही. फसलेल्या शोषखड्ड्यांचं सगळ्यात सामान्य कारण हेच: खड्डा काळ्या मातीतच संपवलेला असतो. मुरूम लागेपर्यंत खोदायला हवं.

१०० चौरस मीटर गच्चीवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०० लिटर. वर्षाला १,००० मिलिमीटर पाऊस आणि ८० टक्के पाणी हाती आलं असं धरलं, तर ८०,००० लिटर. अशा गच्चीसाठी दीड मीटर लांब-रुंद आणि दोन मीटर खोल खड्डा घ्या. तळाला ५ ते २० सेंटिमीटरचे दगड, त्यावर ५ ते १० मिलिमीटरची गिट्टी आणि सर्वात वर जाडी रेती. वरचा रेतीचा थर दर पावसाळ्याआधी खरवडून धुवायचा, नाहीतर दोन-तीन वर्षांत खड्डा बुजतो. तासात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर त्याच ८० टक्क्यांच्या हिशोबाने ४,००० लिटर येतील आणि दगड-रेतीने भरलेल्या खड्ड्यात एका वेळी जेमतेम १,८०० लिटर मावतील. म्हणून ओसंडणाऱ्या पाण्याची वाट आधीच काढून ठेवा.

मोसमाच्या पहिल्या सरीचे १००-२०० लिटर बाहेर सोडा, त्यात गच्चीची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा असते. सेप्टिक टँकपासून खड्डा १५ मीटर दूर ठेवा. विहीर असेल तर गाळणीतून तिच्यात सोडणं सगळ्यात सोपं. अंगणातलं किंवा धुण्याचं पाणी विहिरीत आणि बोअरमध्ये कधीही सोडू नका. राज्याच्या बांधकाम नियमावलीत गावठाणाबाहेर ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या भूखंडावरील नव्या बांधकामाला ही व्यवस्था सक्तीची आहे. ती चालू ठेवली नाही तर दर १०० चौरस मीटर बांधकामामागे वर्षाला १,००० रुपयांपर्यंत आकारणी होऊ शकते.

शहर स्वतः काय वाचवतं? सगळा भार नागरिकांवरच का?

प्रश्न रास्त आहे. एक ठोस काम झालं आहे: भांडेवाडीला शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांना दिलं जातं, त्यामुळे तेवढं धरणाचं पाणी वाचतं. नवेगाव खैरीपासून उघड्या कालव्याऐवजी मोठ्या वाहिनीतून पाणी आणल्याने वाटेतली गळती आणि बाष्पीभवनही कमी झालं. बाकी आहे ते शहरातल्या जुन्या वाहिन्यांची गळती आणि बेकायदा जोडण्या. त्यावर नागरिकांनी पाठपुरावा करायलाच हवा.

रस्त्यावर वाहिनी फुटलेली दिसली तर?

बिलावर छापलेल्या मदत क्रमांकावर कळवा आणि तक्रार क्रमांक घ्या. जवळची खूण, रस्त्याची कोणती बाजू, पाणी नळाच्या वेळेतच येतं की सतत, हे तीन तपशील द्या. फक्त नळाच्या वेळेत वाहत असेल तर गळती वितरण वाहिनीची किंवा एखाद्या घराच्या जोडणीची. चोवीस तास वाहत असेल तर जलकुंभाकडे जाणारी मोठी वाहिनी असू शकते, तसं स्पष्ट सांगा. खोदून दुरुस्ती झाल्यावर दुसऱ्या पाळीला पुन्हा पाहून या. अर्धवट बसवलेला सांधा पहिल्या पूर्ण दाबाला पुन्हा सुटतो.